कोठीतले खारे पाहुणे

११ एप्रिल १९८२, रविवार. सिंदी मेघे.

मंदा मुंबईहून आली. गाडी उशिरा, हे लिहायचं कारण नाही. आधी दुधाचे डबे उतरले, तोंडावर ओलं गोणपाट बांधलेले. मग आठ बरण्यांची फळी. मग लेक. हमालाने एक डबा हलवून पाहिला.

"तूप हाय का बाई?"

"समुद्र आहे."

हमालाने माझ्याकडे पाहिलं. कीव होती नजरेत.

रिक्षात निम्म्या बरण्या तिच्या मांडीवर, निम्म्या माझ्या. माझ्या बरणीत तळाशी बोराएवढं तपकिरी काहीतरी, शेंबडाच्या गोळीसारखं. मी म्हटलं, हे एक प्रवासात गेलेलं दिसतं. मं. म्हणाली, "बाबा, जिवंत आहे ते. समुद्रफूल. फूल म्हणतात, पण प्राणी आहे." प्राणी! डोळे नाहीत, डोकं नाही, मेंदू नाही. खायचं दार एक, आणि टाकायचंही तेच. मी बरणी मांडीवरून जरा लांब धरली. पाठशाळेत जीवांचे चार वर्ग घोकले होते, अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज्ज. हा गृहस्थ कोणत्या पंक्तीला बसवावा, शास्त्रीबुवा हयात असते तर विचारलं असतं. छडी मिळाली असती.

सौ. दारात भाकरतुकडा घेऊन उभी. मंदावरून ओवाळला, मग दुसरा तुकडा आणून बरण्यांवरून. मी हसलो. "हसता काऊन? घरी आले ते पाहुणे."

तारघरात जाऊन पारा कळवला. नागपूरच्या संपादकांना माझ्या मजकुरातलं हे एकच वाक्य न कापता छापता येतं: वर्धा, आजचं कमाल तापमान.

१२ एप्रिल

कोठी रिकामी केली. म्हणजे अर्धी. मातीच्या जाड भिंती, खिडकी नाही, एका अंगाला ज्वारीचे आणि तुरीचे कणगे, दुसऱ्या अंगाला आता अरबी समुद्र. मं.ने दाराशी भिंतीवर तापमापक टांगला. सकाळी पाहिला, भर दुपारी पाहिला, संध्याकाळी पाहिला. पारा जागचा हलला नाही. पोर लहानपणी जत्रेत हरखायची तशी हरखली. "बाबा, बाहेर आग लागली आहे आणि इथे काही नाही! कॉलेजातल्या यंत्राला हे जमत नाही."

तुझ्या आजोबांना जमलं, म्हटलं. चिखल आणि तणस.

मग नियम. आत उजेड नाही. कंदील नाही, चिमणी नाही, काडी नाही, विडी नाही. विडी म्हणताना माझ्याकडे पाहिलं. मी विडी ओढत नाही, हे तिला माहीत आहे, पण नियम सांगताना कोणाकडे तरी पाहावं लागतं.

मं.ने सौ.ला विचारलं, दळणाचं धान्य काढायला आत जावं लागेल, कसं करशील? "मी कोठीत कधी दिवा नेला माय? हाताले सारं ठाऊक हाय."

मं. म्हणाली, "मग तू खुशाल जा आई. उजेड तेवढा नको."

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक, गर्दी मोठी. बातमी दिली. पारा दिला.

संध्याकाळी ओसरीवर मं.ने मला शिकवलं. उलटं जग, पण शिकलो. ही समुद्रफुलं तिकडे खडकातल्या डबक्यांत अंधार पडला की उघडतात, सकाळी मिटतात. का? उजेड गेलेला कळतो म्हणून? भरती-ओहोटीचं कळतं म्हणून? की आत काही मोजणारं आहे म्हणून? मं. म्हणते, आत आहे. तिचे सर म्हणतात, दाखव.

गेल्या उन्हाळ्यात तिकडे दाखवायला गेली तर वीज गेली, कॉलेजातलं गारव्याचं यंत्र बंद पडलं, सगळी मेली. म्हणून यंदा इथे. समुद्र नाही, भरती नाही, सूर्य-चंद्र दिसत नाहीत. अशा ठिकाणीही आपल्या वेळेला उघडली, तर घड्याळ त्यांच्या पोटात आहे.

"आणि नाही उघडली तर?"

"तर जूनमध्ये सर माझी संशोधनाची जागा दुसऱ्या मुलाला देतील. तसं स्पष्ट बोललेत." आणि मग हसत, "मग मी सेलूच्या शाळेत बाई. तुमच्याच डोक्यावर."

हसली खरी. ताटात अर्धी भाकर तशीच राहिली.

मी विषय बदलला. पाठशाळेतल्या कवींची कमळं दोन जातींची, सूर्यविकासी नि चंद्रविकासी. तुझी कुठली? म्हणाली, "दोन्ही नाहीत बाबा. हीच तर भानगड आहे."

१७ एप्रिल

पाहुण्यांत शिस्त नाही. लाल कागद गुंडाळलेली बॅटरी घेऊन मं. सकाळी आणि दिवेलागणीला आत जाते (लाल रंग त्यांना दिसत नाही म्हणे). एक सकाळीच उघडं, एक अर्धवट, बाकी मिटलेली. संध्याकाळी वेगळीच दोन उघडी. "प्रवासाचा शीण आहे," म्हणते. स्वतःच्या समजुतीसाठी म्हणते.

मी त्यांना स्थितप्रज्ञ म्हणायला लागलो आहे. इंद्रियंच नसली की स्थितप्रज्ञ होणं सोपं.

दुपारी सगळं गाव झोपतं. मं.ही. सौ. तेवढी कुठे ना कुठे खुडबुडत असते.

२३ एप्रिल

आठच्या आठ!

दिवेलागणीला मं. आत गेली आणि बाहेर आली ती भिंतीला टेकून उभीच. मला वाटलं, मेली. विचारायचा धीर होईना. मग म्हणाली, "बाबा, सगळी उघडी आहेत. कालही होती. मला वाटलं, मला भास झाला. परवापासून आहेत." सकाळी सगळी मिटलेली असतात, दिवेलागणीला सगळी उघडी. अंधारकोठडीत, कोणी न सांगता, एकमेकांना न पाहता, वेगवेगळ्या बरण्यांत.

मी हबकलो. खरंच हबकलो. मला मेंदू आहे, भिंतीवर घड्याळ आहे, तरी आज पारा पाठवायला उशीर झाला.

मं. म्हणते, कोठीत ओल्या मातीचा वास येतो हल्ली. सौ.चा अंगणातला सडा, दुसरं काय.

२६ एप्रिल. अक्षय तृतीया.

सौ.ने पितरांच्या नावाने घागर भरली. आता वैशाखभर ती पाण्याच्याच नादात. दारातला रांजण, चिमण्यांची वाटी, सुरईचं ओलं फडकं, गाईच्या पाठीवर भिजलं गोणपाट. मी दुपारी डोळा लावला तर कपाळावर ओला पंचा येऊन पडतो. बारा महिन्यांतला हा एकच महिना माझे लाड होतात, तेही गाईच्या बरोबरीने.

संध्याकाळी मला दर्शनाला बोलावलं. चप्पल बाहेर, श्वास धरून. लाल उजेडात पहिल्यांदा काही दिसेना. मग दिसलं. ती शेंबडाची गोळी उभी राहिली होती. अंगाची नळी ताठ, वर केसरांसारख्या बारीक भुजांचं वर्तुळ, आणि प्रत्येक भुजा हलके हलके चाललेली, झोपेत मूल बोटं हलवतं तशी. आठ बरण्या, आठ फुलं. माझ्या ज्वारीशेजारी.

बाहेर आलो. मं. बघत होती. "बाबा, आज कोटी नाही?"

नाही, म्हटलं.

२ मे

आयुष्यभर वर्ध्याहून नळाला पाणी नाही, पुलाला कठडा नाही, गुरुजींचा सत्कार, एवढंच पाठवलं. आज घरात जगाची बातमी आहे आणि मी तिच्यावर बसून आहे. मजकूर तयार आहे, मथळाही: 'सिंदी मेघ्यात समुद्राचं घड्याळ'. मं.ने कागद वाचला, घडी करून माझ्याच खिशात ठेवला. "सर बघतील, मग छापा. त्याआधी छापलंत तर मी रेल्वेखाली जीव देईन." गाडी उशिरा येते, म्हटलं, वाट पाहावी लागेल. हसली. बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसली.

तिने सरांना कळवलं होतं. उत्तर आलं. परीक्षेच्या कामाला नागपूरला जायचं आहेच, वाटेत वर्ध्याला उतरतील. तेराला.

५ मे, बुधवार

सौ. सकाळच्या एस.टी.ने आष्टीला. भाच्याचं लग्न. मला सुटी नाही, मं.ला पाहुणे सोडवत नाहीत. जाताना दहा सूचना. चिमण्यांचं पाणी, गाईचं पाणी, रांजणाचं पाणी. "आणि पाहुण्याइकडे पाहा जरा." मला वाटलं, सरांचं म्हणते. म्हटलं, ते तेराला यायचे आहेत. पण तिची एस.टी. सुटली.

संध्याकाळी सगळी उघडी. मं.ने पिठलं केलं. समुद्राइतकं खारट.

७ मे

काल एक उशिरा उघडलं असावं. आज दिवेलागणीला तीन अजून मिटलेली. मं. पुन्हा दोनदा आत जाऊन आली.

पारा रोज नवीन उंची गाठतो. संपादक खूश. कचेरीतून निरोप: असाच मजकूर येऊ द्या.

८ मे

एक मेलं.

सकाळी मं. आत गेली, बाहेर आली, बरणी उजेडात धरली. तळाशी फक्त गढूळ तार. वास. ती मागच्या अंगणात गेली आणि लिंबाखाली खड्डा करून पुरून आली. मी कुदळ धरायला गेलो तर म्हणाली, "नको बाबा."

उरलेल्या सातांत एकही दुसऱ्याच्या वेळेला उघडत नाही. एक सकाळी उघडं. म्हणजे सगळं उलटं. आम्ही दोघांनी मिळून कोठीचं छप्पर तपासलं. उजेड कुठून शिरतो? कुठूनच नाही. तरी मी दाराच्या फटी शेणमातीने लिंपल्या. पाठशाळेची जमीन सारवायचो, ती एवढी एक विद्या व्यवहारात आली.

"पाच दिवस राहिले," मं. म्हणाली.

९ मे

मं. जेवली नाही. मी रागावलो. ती म्हणाली, "गेल्या वर्षी वीज गेली म्हणून सांगितलं. यंदा काय सांगू? बाबा, मला वाटलं होतं यांच्यात काही आहे. काहीच नसेल. गोळीच असेल नुसती."

मला तिला म्हणायचं होतं की सेलूची शाळा वाईट नाही. म्हणालो नाही. देवाची कृपा.

१० मे

काय लिहू. हसू की रडू कळत नाही. क्रमाने लिहितो.

सौ. दुपारच्या एस.टी.ने परतली. पिशवीत लग्नातले बुंदीचे लाडू. घरात पाऊल टाकलं, आमची तोंडं पाहिली. मी सांगितलं, पाहुण्यांतला एक गेला, बाकीचे बिघडले.

ती पदर खोचत म्हणाली, "काऊन? त्याईले कोणी पाणी नाई दिलं?"

"पाण्यातच तर आहेत ते."

"आतलं नाई हो. बाहेरून."

मं. उठून उभी राहिली. "बाहेरून म्हणजे?"

सौ. सांगत गेली, आणि जसजशी सांगत गेली तशी मंदा खाली बसत गेली. रोज दुपारी, गाव झोपलं की, सौ. धान्य काढायला कोठीत जायची. अंधारात. दिवा न घेता. नियम तंतोतंत पाळून. रांजणातल्या गार पाण्यात जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बुडवून प्रत्येक बरणीला गुंडाळायची, सुरईला गुंडाळतात तशा. दिवेलागणीच्या आधी पट्ट्या काढून आणायची.

"काढायच्या कशाला?" मीच विचारलं. वार्ताहराची खोड.

"रातभर ओलं ठेवलं तं पाहुण्याले सर्दी नाई होनार?"



"आई, तुले कोनं सांगतलं होतं हे?" मं. ओरडली. मुंबईला गेल्यापासून पोरीच्या तोंडी 'मला-तुला' आलं होतं, ते एका क्षणात वाहून गेलं. "कोनं सांगतलं होतं तुले?"

"सांगाले काय लागते त्यात? उन्हाळ्यात पाहुण्याले कोरडं ठेवते का कोणी? समुद्रातले जीव ते, आपल्या वैशाखात आनून ठेवले तू. तू म्हनली उजेड नको. मी काडी तरी लावली का? ओलं नको, असं म्हनली का तू?"

मं. म्हणाली नव्हती. कोणी कशाला म्हणेल?

तापमापक भिंतीवर होता, दाराशी, माणसाच्या उंचीला. बरणीत कधी कोणी घातलाच नाही. घरातल्या एका माणसाने तर पाऱ्याचा रोजचा धंदाच केलेला.

मं. कोठीच्या दाराला पाठ लावून बसली. "म्हणजे यांच्या पोटात काहीच नव्हतं. आईचं फडकं गार लागलं की उघडत होती. लाजाळूच्या झाडासारखी." आणि मग अगदी हळू, "तेराला सर येतात."

सौ.ला आता कळलं की काहीतरी मोठं मोडलं आहे. लाडवांची पिशवी हातातच. "मी त्याईच्यासाठीच केलं माय," एवढंच म्हणाली.

११ मे

घरात भांडीसुद्धा जपून वाजतात.

सकाळी सौ.ने मला बाजूला घेतलं. "आजपासूनच मी पुन्हा गुंडाळते. सर येईस्तोवर येतील पाहा ठिकाणावर. सरले काय समजते?" मंदाने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. माझी इच्छा काय होती ते इथे लिहीत नाही.

दुपारी. पंचा कपाळावर पडला नाही आज. झोप येईना. पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात घुमायला लागली आणि ताडकन उठून बसलो. मं. ओसरीवर होती.

म्हटलं, तुझी आई आष्टीला गेली कधी?

"बुधवारी."

बुधवारी सकाळी. मग बुधवारी दुपारी फडकं कोणी गुंडाळलं?

"कोणीच नाही."

आणि बुधवारी दिवेलागणीला पाहुणे?

ती माझ्याकडे पाहत राहिली. उघडे होते. आठही. मी स्वतः पिठलं खाल्लं त्या आनंदात. फडकं नव्हतं, गारवा नव्हता, तरी आपल्या वेळेला उघडे. दुसऱ्या दिवशीही एक सोडून सगळे. मग हळूहळू विस्कटले, चावी न दिलेल्या घड्याळासारखे.

मं.चा चेहरा पांढरा पडला. मी घाबरलो, पाणी आणायला उठलो, तिने धोतर धरून बसवलं. "लाजाळू नाही बाबा. लाजाळूला हात लावला नाही तर ती आठवण ठेवून मिटत नाही. यांनी वाट पाहिली. यांनी आईची वाट पाहिली!"

मग पळत आत गेली. चुलीशी बसलेल्या सौ.च्या गळ्यात पडली. सौ. भेदरली. "आता काय झालं बाप्पा? अजून एक मेलं का?"

मला नीट कळलेलं असं: घड्याळ आत आहे, पण त्याला चावी लागते. उजेड ही एक चावी. गारवा दुसरी. समुद्रावर दोन्ही एकत्र येतात, म्हणून कोण कोणती फिरवतं ते सुटं करून दाखवणं कठीण. इथे उजेड मंदाने बंद केला आणि गारवा तिच्या आईने लावला, दोघींनी एकमेकींना न सांगता. पण ही अजून सात बरण्यांची आशा आहे, पुरावा नाही. हेही मंदाचंच वाक्य.

१३ मे

सर आले. बारीक, कमी बोलणारे, उन्हाने लाल झालेले. सौ.ने आल्या आल्या डोक्यावर ओला टॉवेल दिला. मंदाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, मं. आधी दाखवेल, मग सांगेल. तिने चहाही होऊ दिला नाही. सगळं सांगितलं. आईचं फडकं, मेलेलं एक, विस्कटलेले सात.

सरांनी ऐकून घेतलं. मग, "म्हणजे तू मला जे कळवलं होतंस ते चूक."

"हो सर."

"गेल्या वर्षी वीज. यंदा आई."

मंदाने मान खाली घातली. मग ती तशीच मान खाली घालून बुधवारचं बोलली. सरांनी पेला खाली ठेवला. पुन्हा सांग, म्हणाले. पुन्हा सांगितलं. मग ते मंदाशी न बोलता स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि सौ.ला म्हणाले, "वहिनी, फडकं कसं गुंडाळता ते मला दाखवाल?"

"दिव्याविना येता येईल का तुमाले?"

"येईन."

दोघं कोठीत शिरले. लगेच आतून टण्ण आवाज आणि सौ.चं हसू. "वाका सर, वाका! चौकट ठेंगनी हाय." चार दिवसांत घरातलं पहिलं हसू ते.

सर बाहेर आले तेव्हा कपाळावर टेंगूळ आणि हात ओला. त्या ओल्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "गार झालं की उघडतात, एवढंच असेल तर त्याला काही किंमत नाही. गार न करता, पण गार करायच्या वेळेला उघडली, तर मात्र…" वाक्य पुरं केलं नाही. मास्तर लोक अशी वाक्यं मुद्दाम सोडतात.

१४ मे

सर नागपूरला गेले. परतताना पंचवीसला उतरतील. तोवर जागेचं काही ठरवत नाहीत.

मं.ने सात बरण्यांचे दोन भाग केले. तिघांना पूर्वीसारखं दुपारचं फडकं. चौघांना पहाटेचं, सकाळी उशिरा काढायचं. प्रत्येक बरणीत आता बारीक तापमापक, सरांनी आपल्या पेटीतून दिलेले. शेवटच्या दिवशी कोणालाच फडकं नाही. त्या दिवशी पहाटेची चार सकाळी उघडली आणि दुपारची तीन संध्याकाळी, तर गारव्याने घड्याळ लावता येतं. नाही तर सेलू.

फडकं गुंडाळणारी तीच. मं. म्हणाली, "आई, तुझाच हात हवा. माझा वेगळा लागेल त्यांना." शास्त्रात हे बसतं का, मला ठाऊक नाही. सौ.चा चेहरा पाहून विचारलं नाही.

मी विचारलं, मला काही काम? "तुम्ही पारा पाठवा बाबा."

१९ मे

पहाटेच्या चौघांनी काल-परवा फार गोंधळ घातला. आज सकाळी चारही उघडी. मी नाचायच्या बेतात होतो, मं.ने थांबवलं. "अजून काही नाही. फडकं आहे ना अंगावर." माझ्यापेक्षा कडक निघाली पोर. आईवर गेली.

सेलूहून शाळेचा शिपाई आला होता, जागा रिकामी आहे म्हणून सांगायला. मीच मार्च महिन्यात बोलून ठेवलं होतं, विसरलो होतो. मंदा शेजारीच बसलेली. कळवतो म्हटलं. तो गेल्यावर मंदाने माझ्या ताटात लोणचं वाढलं, नको असताना.

२३ मे

अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो, असं शिकलो होतो. या अतिथींना तिथी नसेल, वेळ मात्र ठाऊक आहे. तोंडावर सांगायला गेलो तर मं. म्हणाली, "ठाऊक आहे की नाही ते बुधवारी."

त्यांना मी आता नाव दिलं आहे. शैत्यविकासिनी, गारव्याने उमलणारी. कवींना ही तिसरी जात सुचली नाही. त्यांच्या घरी दुपारी फडकं भिजवणारं कोणी असलं तरी त्यांनी तिकडे लक्ष दिलं नसणार. मीही दिलं नव्हतं.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सर्वांत जाळणारे नऊ दिवस. बाहेर माणूस नाही, कुत्रं नाही. रांजणाचं पाणीसुद्धा कोमट.

आणि उद्या फडकं नाही. गेल्या खेपेला तीन दिवसांत एक गेलं होतं, तेव्हा नवतपा नव्हता. सौ. दुपारपासून मंदाच्या मागे. "एखांदं तरी गुंडाळू दे. ते शेवटचं, बारकं हाय. त्याच्यानं नाई होनार."

"नाही आई. एकही नाही."

"अन् मेले तं?"

सौ.ने लुगड्याच्या सगळ्या पट्ट्या धुऊन तारेवर वाळत घातल्या. घटकेत वाळून कडक झाल्या.

सर संध्याकाळच्या गाडीने आले. चौकटीत वाकले.

२६ मे, बुधवार

उजाडल्यापासून कोणी चहा मागितला नाही.

सौ. पहाटे सवयीने उठली. मी पाहत होतो. रांजणापर्यंत गेली, हात पाण्यात घातला, तशीच उभी राहिली, हात झटकला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. ती असं काही करत नाही. मी हललो नाही.

"त्याईले वाटत असंन," म्हणाली, "आज काऊन नाई आली."

म्हटलं, तेच तर बघायचं आहे.

ऊन अंगणात उतरलं. पहाटेच्या चौघांची वेळ. सरांनी डोळ्यांनी विचारलं, मंदा उठली. लाल कागदाची बॅटरी घेतली. सर म्हणाले, "मी जाऊ का?" नाही म्हणाली. तिने वळून पाहिलं ते माझ्याकडे नाही, सरांकडे नाही, आईकडे.

"जा माय," सौ. म्हणाली. "वाकून जाजो."

दार आतून लागलं. सकाळची तार करायची वेळ झाली आहे, उठायला हवं. कोणी उठत नाही. आतून आवाज नाही. उन्हाची तिरीप पायरीवरून उंबऱ्याला आली. सौ.चा हात गुडघ्यावर अजून आहे, ओल मात्र वाळली.

दार उघडलं, आणि मं.ने आईकडे पाहत चार बोटं वर केली.